द्राक्षबागेतील संगीतसंध्या : कामाच्या नोंदी

१६ फेब्रुवारी, रविवार

आपला बेदाणा दलालाच्या हाती न देता थेट खाणाऱ्यांच्या घरी पोहोचवायचा असेल, तर त्यांना एकदा बागेत बोलवावे आणि नुसता बेदाणा दाखवण्याऐवजी गाणेबजावणे, नाच आणि जेवण असा कार्यक्रम करावा, ही कल्पना वहिनींची. आबांनी होकार दिला. दादांनी मात्र बागेला धक्का लागणार नाही हे लिहून द्या, असे अर्ध्या चेष्टेने सांगितले. या नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले ते त्यातूनच.

पहिला प्रश्न तारखेचा होता. तासगाव भागातील बागांचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावरची छाटणी, लागते. माल झाडावर असताना पाहुणे आणणे शक्य नाही आणि छाटणीनंतर तर नुसते ओलांडे (वेलीचे आडवे हात) आणि तारा उरतात. त्यामुळे घड उतरलेले आहेत, फवारणी थांबलेली आहे, पण मांडवावर, म्हणजे वेल चढवलेल्या तारांवर, पाने अजून हिरवी आहेत असे जे पंधरा-वीस दिवस मिळतात, तेवढेच आपल्या हातात आहेत. त्यात ३० मार्चला पाडवा आणि १२ एप्रिलला हनुमान जयंती. हनुमान जयंतीपासून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की हलगीवाला, सनईवाला, ढोलवाला कोणीच मोकळा सापडत नाही. शेवटी शनिवार, ५ एप्रिल ही तारीख धरली. त्या दिवशी चैत्र शुद्ध अष्टमी असल्याने सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर असेल आणि मध्यरात्रीपर्यंत राहील, ही जमेची बाजू.

वाळवण्याच्या शेडमधला शेवटचा बेदाणा तोपर्यंत रॅकच्या जाळ्यांवरून खाली उतरेल असा दादांचा अंदाज आहे, म्हणून शेडसमोरचे पटांगण नाचासाठी ठरवले.

२ मार्च, रविवार

कलाकारांची सुपारी दिली. कार्यक्रमाचे तीन भाग केले आहेत : सूर्यास्ताला सनई, त्यानंतर मिरजेच्या एका गायिकेचे तासाभराचे गायन, आणि शेवटी हलगी-घुमके व जत तालुक्यातील मंडळींचा गजी, म्हणजे धनगरांचा कडे करून नाचायचा नाच. मध्ये गावातल्या मुलींचे लेझीम राहील.

वक्ते, सूत्रसंचालक आणि सत्कार नकोत यावर घरात एकमत झाले. गाणे उघड्यावर करण्याबद्दल एका पाहुण्याने शंका काढली, तेव्हा आबांनी त्यांना मिरजेच्या दर्ग्यातील उरुसाची आठवण करून दिली. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे गवई गाऊन जातात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिले मराठी नाटक केले ते सांगलीच्या राजवाड्यात, पण त्या नाटकाच्या पदांवर वाढलेला श्रोता मात्र आमच्यासारखा, पारावर आणि पटांगणात बसणारा होता.

गाण्यांच्या हक्काचा विषय मला आधी किरकोळ वाटला होता, पण तो तसा नाही. तिकीट लावून सिनेमाची गाणी गायची असतील तर हक्कदारांचा परवाना घ्यावा लागतो. आपल्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. शाहीर पठ्ठे बापूराव आपल्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. ते १९४५ साली वारले, त्यामुळे त्यांच्या लावण्या २००६ पासून सर्वांच्या झाल्या आहेत. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचे निधन १९६९ चे असल्याने त्यांच्या रचना २०२९ अखेरपर्यंत हक्कात राहतील. त्यामुळे कार्यक्रम जुन्या लावण्या, पारंपरिक ओव्या आणि रागदारी बंदिशींपुरता ठेवला. तरुण मंडळी थोडी हिरमुसली.

९ मार्च, रविवार

आज दिव्यांची चर्चा झाली आणि ती वेळेवर झाली हे बरे, कारण सजावट करणाऱ्याने मांडवाच्या तारांवरून २३० व्होल्टच्या माळा सोडण्याचा बेत सांगितला होता. दिसायला ते फार सुरेख दिसले असते. पण मांडव म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या दोन एकरांत लोखंडी अँगल उभे आहेत, त्यांवरून ताणलेल्या तारा एकमेकींना गाठी मारून आणि अँगलला बांधून पुढे गेल्या आहेत, आणि कडेचे ताण जमिनीतल्या अँकरला आवळले आहेत. बागेच्या एका कोपऱ्यात तार हलवली की दुसऱ्या कोपऱ्यात पाने हलतात. म्हणजे एका ठिकाणी माळेच्या वायरचे आवरण सोलले गेले, तर वीज एका दिव्यापुरती राहणार नाही, ती मांडवभर पसरेल. आणि पाहुण्यांचा हात वर जाऊन आधी तारेलाच लागतो, कारण मांडव साडेपाच-सहा फुटांवर आहे. अँगल जमिनीत गाडलेले असले तरी कोरड्या मुरमात ते अर्थिंगचे काम भरवशाने करतील असे वायरमनलाही सांगता आले नाही.

ठरले ते असे : बागेच्या आत फक्त बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या पट्ट्या लावायच्या, त्याही तारांना न बांधता कडेला रोवलेल्या बांबूंवर. साउंड आणि जेवणाकडील दिव्यांसाठी जनरेटर घ्यायचा, कारण शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि त्या रात्री कोणती पाळी पडेल हे सांगता येत नाही. जनरेटरला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवायचा. या आरसीसीबीसाठी मी दोन वेळा सांगलीला गेलो आणि दोन्ही वेळा दुकानदाराने, ‘एका रात्रीसाठी कशाला?’ असे विचारले.

पाहुण्यांनी बागेत किती फिरायचे यावरही दादांनी मर्यादा घातली. ठिबकखालचा बोद (वेलीच्या ओळीचा मातीचा वरंबा) कायम ओलसर असतो आणि छाटणीनंतरची पांढरी मुळी त्याच मातीत चालते. दीडशे-दोनशे माणसे त्यावरून गेली तर माती दडपते. शिवाय येणाऱ्यांपैकी निम्मे स्वतः बागायतदार असणार आणि मिलीबग या किडीची बारीक पिल्ले कपड्यांवरून, क्रेटवरून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातात, हे सर्वांना माहीत असूनही पाहुण्याला तसे तोंडावर सांगणे अवघड पडते. म्हणून सर्वात आधी छाटणी लागणाऱ्या तुकड्याच्या कडेच्या दोन ओळी तेवढ्या उघड्या ठेवल्या आणि बाकी ओळींच्या तोंडाला सुतळी बांधण्याचे ठरवले.

१५ मार्च, शनिवार

ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. वेळ रात्री दहापर्यंतची. आम्ही पावणेदहाला थांबू असे लिहून दिले. एका पाहुण्याने वाइनबद्दल विचारले. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर पलूसला वाइन पार्क झाले, तेव्हा द्राक्षबाग म्हटले की वाइन हे लोकांच्या मनात बसले आहे. आमची बाग मात्र खाण्याच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षांची आहे, आणि आबांनी तो विषय एका वाक्यात संपवला. द्राक्षाचा रस, ताक, भाकरी, पिठले, खर्डा आणि बेदाणे घातलेला शिरा, एवढे ठरले आहे.

२२ मार्च, शनिवार

आवाजाची चाचणी घेतली. पूर्वेच्या वस्तीवर एक वृद्ध आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांच्या मुलाला आधी जाऊन भेटलो आणि त्यांच्याच अंगणात उभे राहून मोजणी केली.

साउंडवाल्याने ठरल्यापेक्षा मोठे खोके आणले होते. लग्नाच्या वरातीसाठी लागतात तसे चार टॉप आणि चार बेस. दोन लहान टॉप ठेवून बाकीचे परत पाठवले. त्यावर त्याने भाडे तेवढेच राहील असे सांगितले, तेही मान्य केले.

हिशोब सोपा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून दहा मीटरवर ८५ डेसिबल ठेवले, तर वीस मीटरवर ७९, चाळीसवर ७३, ऐंशीवर ६७, एकशे साठवर ६१ आणि तीनशे वीसवर ५५. शेडपासून वस्ती साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५. मधल्या मांडवाची पाने आवाज अडवतील हा माझा समज चुकीचा निघाला. पानांची एवढी पातळ चादर आवाजाला फारशी आडवी येत नाही. मोबाइलवरील मापक तुलनेपुरताच धरायचा असला तरी दुपारी पाच वाजता त्याने अंगणात ५३ दाखवले आणि मी समाधानाने परतलो.

रात्री नऊला दादांच्या आग्रहावरून पुन्हा गेलो. बटणे जागची हलवलेली नव्हती, तरी मापक ५८-५९ वर होता आणि तबल्याचा बाया वेगळा ओळखू येत होता. कारण नंतर लक्षात आले. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. सूर्य मावळल्यावर जमीन आधी निवते, तिच्यालगतची हवा थंड होते, वरची हवा तिच्याहून उबदार राहते आणि आवाज खाली वळून लांबवर पोहोचतो. रात्री लांबच्या गावातले भजन स्पष्ट ऐकू येते ते केवळ शांततेमुळे नव्हे. सातनंतर दर अर्ध्या तासाने आवाज थोडा खाली घ्यायचा आणि स्पीकरचे तोंड पश्चिमेला फिरवायचे, असे वहीत लिहून साउंडवाल्याकडून सही घेतली.

१ एप्रिल, मंगळवार

दुपारी साडेचारला वळीव आला. वाऱ्यासह वीस मिनिटे. शेडचे पडदे सोडायला सगळे घर धावले, अगदी पाहुणी म्हणून आलेली आत्याही. बेदाणा भिजला नाही, पण हवेत ओल भरली. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढून जाळीवर टाकलेली शेवटची द्राक्षे शुक्रवारपर्यंत उतरणार होती. ती आता आणखी पाच-सहा दिवस रॅकवर राहतील, नाहीतर आत ओल राहून माल काळा पडेल. चार किलो द्राक्षांतून किलोभर बेदाणा निघतो. त्यात रंग गेला की भावही गेला.

म्हणजे शेडसमोर नाच नाही. उघड्या जाळ्यांसमोर दोनशे पाय धूळ उडवणार आणि ती चिकट बेदाण्यावर बसणार. पाणी मारून धूळ दाबावी तर शेडलगत पुन्हा ओल. वहिनी रात्रीपर्यंत गप्प होत्या. कार्यक्रम पुढे ढकलता येत नव्हता, कारण पुढच्या शनिवारी हलगीवाल्यांच्या तीन जत्रा आहेत.

२ ते ४ एप्रिल

मार्ग आबांनी काढला : विहिरीच्या पश्चिमेला गेल्या वर्षी काढून टाकलेल्या जुन्या बागेच्या तुकड्यात पूर्वीसारखे खळे करायचे. खळे करणारा माणूस घरात तेच एक उरले आहेत.

अडचण अशी की जुन्या बागेच्या मातीत बाइंडिंग तारेचे तुकडे असतातच आणि गजी नाचणारे अनवाणी नाचतात. हाताने वेचून सगळे निघाले नसते. साउंडवाल्याकडे जळालेल्या बेसचे एक चुंबक पडून होते, मोठ्या भाकरीएवढे. त्याला दोरी बांधून पुतण्याने ते दिवसभर त्या तुकड्यावरून आडवे-उभे ओढले. दर फेरीनंतर त्याला दाढी आल्यासारखी तार चिकटलेली असे. संध्याकाळी घमेल्यात पाहिले तर दोन ओंजळी तार, तीन खिळे आणि छाटणीच्या कात्रीची एक गंजलेली स्प्रिंग निघाली. ही कात्री कोणाची यावर दादा आणि आबा यांच्यात बराच वेळ बोलणे झाले.

त्यानंतर पन्नास फूट व्यासाची जागा आखून दोन ट्रॉल्या मुरूम पसरला, बुधवारी रात्री पाणी सोडले, गुरुवारी माती पायाला चिकटेनाशी झाल्यावर ट्रॅक्टरने रूळ फिरवला आणि शुक्रवारी बायकांनी शेणकाल्याने सारवले. माती ओली असताना रूळ फिरवण्याची घाई मी करत होतो. आबांनी मुठीत गोळा दाबून, तो सोडल्यावर फुटतो का ते पाहून, दोन तास थांबवले. सारवलेली जमीन दुपारच्या उन्हात वाळून हिरवट तपकिरी झाली तेव्हा तिच्यावर चप्पल घालून कोणी गेले नाही.

नवी जागा वस्तीच्या जवळ पडते, साधारण अडीचशे मीटर. जुन्या हिशोबाने तिथे ५७ डेसिबल पोहोचेल. म्हणून स्पीकर फक्त गायनाला ठेवायचा, तोही दोन पायऱ्या खाली, आणि हलगी-ढोल माइकशिवाय.

५ एप्रिल, शनिवार (नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली)

एकशे ऐंशीच्या आसपास माणसे आली. बाकी ओळींच्या तोंडाची सुतळी कोणी ओलांडली नाही; एका बागायतदार पाहुण्याने तर आपण कालच मिलीबगची फवारणी केल्याचे सांगून आत जायलाच नकार दिला. पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळला, सनई सुरू झाली, आणि मांडवाच्या पानांतून खाली येणारा उजेड हळूहळू बॅटरीच्या पट्ट्यांच्या उजेडात मिसळला. सजावटवाल्याने आणलेल्या कागदी कमानी मात्र मला शेवटपर्यंत खटकल्या.

गायिकेने दोन तानपुरे आणले होते, दोन्ही मिरजेत घडलेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा तुंबा मात्र पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा असतो. भोपळ्याची साल उन्हात तडकते म्हणून ते दुपारपासून घराच्या सोप्यात, ओल्या पोत्यापासून लांब, उभे ठेवले होते. बाहेर काढून लावले तेव्हा जुळले होते. पण पहिल्या ख्यालाच्या मध्यावर गारवा उतरला आणि तारा चढू लागल्या. बाई थांबल्या. पुढची सात मिनिटे त्यांनी आणि त्यांच्या शिष्येने मणी सरकवत, जवारीचा (तारेखालचा) दोरा नखाने किंचित मागेपुढे करत तारा पुन्हा षड्जावर आणल्या, आणि एकशे ऐंशी माणसे ते पाहत बसली. कोणीही मोबाइल काढला नाही असे लिहिले तर खोटे होईल. पण कोणी उठलेही नाही.

त्याच वेळी खळ्याच्या कडेला उलटा प्रकार चालला होता. हवेतल्या ओलीने हलगीचे कातडे उतरले होते, थाप बद्द लागत होती. हलगी शेकायला विस्तव हवा, आणि वाळक्या पाल्याजवळ, शेडच्या नायलॉनच्या जाळ्यांच्या वाऱ्याला, विस्तव हीच आमची भीती होती. विहिरीच्या कठड्याजवळ वाळूचा थर देऊन त्यावर घमेल्यात निखारे ठेवले होते, शेजारी पाण्याच्या चार बादल्या. म्होरक्या हलगी निखाऱ्यांवर धरून गोल फिरवीत असे, मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान लावत असे, आणि टिचकीचा आवाज धातूसारखा लागला की ती पोराकडे देऊन दुसरी उचलत असे. तारा उतरवणे आणि कातडे चढवणे ही दोन्ही कामे एकाच हवेमुळे, तीस पावलांच्या अंतरावर चालली होती.

आठ वाजून वीस मिनिटांनी जनरेटरकडचे सगळे दिवे गेले. जेवणाकडचा एक दिवा पाण्याच्या टँकरखालच्या चिखलात पडला होता आणि आरसीसीबीने आपले काम केले होते. दिवा सोडवून पुरवठा परत सुरू व्हायला दहा मिनिटे लागली. तेव्हा लेझीम चालू होते. मुली थांबल्या नाहीत. बागेतल्या पट्ट्या बॅटरीवर असल्याने चालूच होत्या आणि वर चंद्र होता.

गजी त्यानंतर सुरू झाला. मध्यभागी ढोल आणि कैताळ (झांजा), भोवती पांढरी धोतरे, फेटे आणि हातांत रंगीत रुमाल. म्होरक्याने रुमाल झटकला की सगळे कडे एकदम चाल बदलते. या प्रत्येक चालीला ते घाई म्हणतात, जरी पहिल्या चालीत घाई अशी मुळीच नसते. पावले सावकाश, गुडघ्यात किंचित वाकून पडतात, आणि सारवलेल्या जमिनीवर तीस अनवाणी पावलांचा एकच दबका आवाज येतो, जो मुरमावर किंवा फरशीवर आला नसता. नवाच्या सुमारास म्होरक्याने कडे उघडले आणि पाहुण्यांना आत घेतले. सांगलीहून आलेले एक डॉक्टर, आमच्या आत्या, दोन शाळकरी मुले आणि अखेरीस वहिनी. दादा कडेला उभे राहून खळ्याची जमीन कुठे उखडते आहे ते पाहत होते.

पावणेदहाला पाच मिनिटे असताना थांबलो. जमीन दोन ठिकाणी उखडली.

९ एप्रिल, बुधवार

वस्तीवर जाऊन आजींच्या मुलाला भेटलो. गाणे गोड लागले, आजींनी ऐकलेही, असे तो म्हणाला. पण हलगी ‘उशाशी वाजल्यासारखी’ वाटली आणि साडेनऊपर्यंत त्यांचा डोळा लागला नाही. चूक माझी आहे. मी सगळा हिशोब स्पीकरचा केला आणि माइक काढला म्हणजे आवाज गेला असे धरून चाललो. पाच हलग्या आणि तीन ढोल यांना माइक लागतच नाही, आणि ते वाजले तेव्हा हवा आवाज खाली वळवण्याच्या वेळेची होती. पुढच्या वेळी गजी आधी, उजेडात, आणि गायन शेवटी ठेवायचे. क्रम बदलला तर हलग्या शेकाव्याही कमी लागतील.

आजपासून त्या तुकड्याची खरड छाटणी सुरू झाली. कडेच्या दोन ओळींत ठिबकची नळी तीन ठिकाणी चेपलेली सापडली, जोड घालून नीट केली. खोडांवर मिलीबग दिसला नाही. सालीखाली पाहण्याचे काम दोन दिवसांत संपेल. बेदाणा काल रॅकवरून उतरला, रंग टिकला आहे. पाहुण्यांपैकी एकेचाळीस जणांनी घरपोच बेदाण्यासाठी नावे दिली आहेत.

हलगीवाल्यांची उरलेली सुपारी दिली आणि पुढच्या वर्षीचा विसार पुढे केला. म्होरक्याने तो घेतला नाही. जत्रांची वही घरी आहे, ती पाहून पाडव्यानंतरचा कोणता दिवस मोकळा आहे ते कळवतो, आणि उजेडात वाजवायचे असेल तर दर वेगळा पडेल, असे तो म्हणाला.